प्लाउ लेनवरचे स्टेडियम

शनिवारी मराठीच्या वर्गाहून परतताना आपल्याला निळे-पिवळे मफलर घातलेली गर्दी दिसते ना? ती प्लाउ लेनच्या स्टेडियमकडे निघालेली असते. जेमतेम ९,००० माणसांचे स्टेडियम, वेम्ब्लीपुढे चिमुकलेच!

१९९१ साली विंबल्डनचा संघ इथले जुने मैदान सोडून सेलहर्स्ट पार्कला भाड्याने खेळू लागला. २००२ मध्ये तर मालकांना संघच मिल्टन कीन्सला नेण्याची परवानगी मिळाली. मग चाहत्यांनी स्वतःचा नवा संघ काढला! विंबल्डन कॉमनवर खेळाडू निवडले, खालच्या लीगमधून सुरुवात केली आणि २०११ मध्ये फुटबॉल लीग गाठली. आम्ही इंजिनियर मंडळी हिशेब करायला बसलो असतो तर पहिल्याच पानावर 'अशक्य' लिहिले असते.

नव्या स्टेडियमला पैसे कमी पडले तेव्हा चाहत्यांनीच ५० लाखांहून अधिक पौंड कर्जाऊ दिले. नोव्हेंबर २०२० मध्ये, जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, पहिला सामना झाला. डॉनकास्टरशी २-२. पण कोविडमुळे खुर्च्या रिकाम्या! एवढी वर्षे वाट पाहिलेल्यांनी तो घरी बसून पाहिला. त्याच वर्षी टाळेबंदीत याच क्लबची मंडळी गरजूंच्या दारात किराणा पोचवत होती.

"आपला संघ कुठला?" असे मुले विचारतात, तेव्हा आम्ही आता मुंबईचे नाव एकटे सांगत नाही.