भाजलेला रावस

मोठ्या हॉटेलांत रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात. खरा सॅल्मन वेगळा. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. आमचा रावस कोकणच्या समुद्रातला, आणि चवीला मुळीच कमी नाही!

अब्बांचा तो आवडता मासा, पण तळलेलाच. डॉक्टरांनी तळलेले बंद केले, तेव्हा त्यांचे जेवणच कमी झाले. मग अम्मीने रावसाच्या तुकड्यांना मीठ, हळद आणि लसूण-मिरची-कोथिंबिरीचे वाटण लावले. चमचाभर तेल चोळून ते ओव्हनमध्ये १५ मिनिटे भाजले. लिंबू मात्र शेवटी पिळले. ते आधी लावून फार वेळ ठेवले, तर मासा आंबटाने घट्ट होतो.

अब्बांनी घास घेतला. "तळलेल्याची सर याला नाही," म्हणाले, आणि दुसऱ्या तुकड्यासाठी ताट पुढे केले.