येत्या सोमवारी

पुण्यातील एक सदनिका भाडेकरूसह विकत घेण्याचे ठरवून आम्ही इसार देऊन बसलो. परंतु विक्रेत्यांचा 'येता सोमवार' काही उगवेना! आज सोसायटीचा दाखला नाही, उद्या भाडेपट्ट्याची प्रत सापडत नाही. पाच महिन्यांनी संतापून आम्ही थेट त्या जागेवर गेलो. भाडेकरू आजीबाईंनी चहा पुढे केला आणि भीतभीत विचारले, "आम्ही केव्हा निघायचं?" १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये घराबरोबर चालू भाडेपट्ट्याची बंधनेही नव्या मालकाकडे येतात, हे आम्ही त्यांस समजावले. त्या रडूच लागल्या. आमचे केवळ पैसे अडकले होते. त्यांचे बिऱ्हाडच पाच महिने टांगणीस लागले होते! घरी परतताच आम्ही विक्रेत्यांस खरेदीखताची अखेरची तारीख लेखी कळविली, आणि आजीबाईंसही.