पुढे पळावे की मागे लागावे?

मिलानच्या मोठ्या स्टेशनातून सुटलेली आगगाडी वर्तमानपत्राची दोन पाने वाचून होईतो मॉन्झाला पोहोचते. तेवढ्या वेळात माझे आणि भाच्याचे भांडण जुंपले होते.

भाचा मिलानमध्ये नोकरीला आहे. मोटारींचे वेड त्याला लहानपणापासूनचे. पहिल्या पगारातून घेतलेली जुनी फियाट त्याने आदल्या संध्याकाळीच मॉन्झातल्या एका मित्राकडे नेऊन ठेवली होती, कारण मिलानमधून बाहेर पडताना तिला दम लागतो असे त्याचे म्हणणे. वादाचा मुद्दा साधा होता. शर्यतीच्या रस्त्यावर खरी मौज कशात आहे, सगळ्यांच्या पुढे धावण्यात की पुढच्याचा पाठलाग करण्यात?

"मामा, पुढं असलं की नजर सारखी आरशात," तो म्हणाला. "मागं असलं की समोरच्या काचेतून. गाडी काय आरशात बघत चालवायची?"

माझा जन्म रांगेत उभे राहण्यात गेला. रेशनची रांग, बसची रांग, रॉकेलची रांग. पुढे कोणीही नसणे हे सुख काय असते, ते त्या पोराला कसे कळणार? मी म्हणालो, "ज्याच्या पुढं मोकळा रस्ता, तो राजा."

मॉन्झात खरोखरीचे राजेही होऊन गेले आहेत, म्हणून गावाबद्दल दोन शब्द. तिथल्या मुख्य चर्चमध्ये लोम्बार्डीचा लोखंडी मुकुट ठेवलेला आहे. १८०५ साली नेपोलियनने तो मिलानमध्ये स्वतःच्या हातांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवला. त्याच वर्षी इथल्या राजवाड्यामागे एक प्रचंड उपवन आखले गेले. त्याचा विस्तार जवळजवळ सातशे हेक्टर आहे. भोवती भिंत, मधून लाम्ब्रो नदी वाहते, सायकली घेऊन आलेली कुटुंबे झाडांखाली डबे सोडतात. आणि त्या झाडांच्या आड, एखाद्या देवराईत कोणी गिरणी बसवावी तसा, मोटारींच्या शर्यतीचा रस्ता आहे.

तो १९२२ साली बांधला गेला. साडेतीन हजार माणसांनी एकशे दहा दिवसांत काम उरकले. इंग्लंडातले ब्रुकलँड्स आणि अमेरिकेतले इंडियानापोलिस ही दोनच ठिकाणे याच्यापेक्षा जुनी. पन्नाशीच्या दशकात बांधलेली जुनी उतरती वळणे अजून झाडीत उभी आहेत. काँक्रीटची भिंतच जणू हळूहळू आडवी होत रस्ता झाली आहे. मी त्यावर चढायला गेलो आणि चार पावलांत बसून उतरलो. साठाव्या वर्षी घसरगुंडी खेळण्याचा योग असा आला.

पण आमच्या भांडणाचा निकाल ज्या रस्त्यावर लागायचा, तो आजचा रस्ता सपाट आहे आणि बराचसा सरळ. मॉन्झाचे सारे वैशिष्ट्य या सरळपणात आहे. भरधाव गाडीला सर्वांत मोठा विरोध करतो तो वारा. पुढची गाडी हा वारा फाडत जाते, आणि तिच्या पाठीमागे विरळ हवेची एक पोकळी तयार होते. त्या पोकळीत शिरलेल्या मागच्या गाडीला तेवढ्याच इंजिनात जास्त वेग मिळतो. मग ती बाजूला होऊन पुढे जाते, आणि आता वारा फाडायची पाळी तिची. पहिली गाडी तिच्या पोकळीत शिरते. असा हा वनवेचा फेरा.

हे शास्त्र मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. शाळेत असताना पुण्याहून लोणावळ्याला आम्ही सायकलींवरून जात असू. समोरून वारा असला की कोणीच पुढे राहायला राजी नसे. शेवटी शिक्षा झाल्यासारखे एकेक मैल वाटून घेत असू. मागे राहणाऱ्याला पुढच्याच्या घामाचे पुण्य मिळते, हे तेव्हाच कळले होते. ही आठवण मी भाच्याला सांगितली नाही. वादात आपल्याविरुद्धचा साक्षीदार आपणच का उभा करावा?

मॉन्झात या फेऱ्याने काय काय घडवले, ते ऐका. १९६९च्या शर्यतीत पहिले चौघेजण, जॅकी स्ट्यूअर्ट, योखेन रिंट, बेल्तॉइस आणि ब्रूस मॅक्लारेन, सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत एकामागोमाग एक रेषा ओलांडून गेले. स्ट्यूअर्ट जिंकला तो आठ शतांश सेकंदाने. पण त्याचे डोके बघा. शेवटच्या वळणापासून रेषेपर्यंत गिअर बदलावाच लागू नये असे दात त्याने आधीच निवडून बसवून घेतले होते. गिअर बदलायला जो क्षण लागतो, तेवढाच त्याचा विजय. दीड तासाहून अधिक पाठलागाची लपाछपी खेळून शेवटच्या काही शे पावलांपुरते पुढे राहायचे, हा त्याचा हिशेब.

त्याहून नवल १९७१चे. ५ सप्टेंबरचा दिवस. पंचावन्न फेऱ्या, आणि पुढारी सारखा बदलत होता. ख्रिस एमन नावाचा न्यूझीलंडचा गुणी आणि विलक्षण कमनशिबी माणूस शेवटाकडे सर्वांच्या पुढे होता. डोळ्यांसमोरच्या काचेवरचा मळलेला पापुद्रा ओढायला त्याने हात घातला, आणि पापुद्र्याबरोबर सगळी काचच निघून गेली. ताशी तीनशे किलोमीटरच्या वाऱ्यात उघडे डोळे! तो सहावा आला. उरलेले पाच जण शेवटच्या वळणावर एका झुबक्यात आले. रॉनी पीटरसन आणि फ्रान्स्वा सेव्हेर एकमेकांवर डोळा ठेवून होते. तेवढ्यात पीटर गेथिन नावाचा इंग्रज आतल्या बाजूने घुसला, इंजिनाला तिची मर्यादा सोडून पिळले, आणि रेषेवर हात उंच केला. अटीतटीचा निकाल असला तर हात वर केलेल्याला पंच कौल देतील, असा त्याचा धूर्त विचार होता म्हणतात. तो जिंकला एका शतांश सेकंदाने. पहिला आणि पाचवा यांच्यात अंतर होते फक्त ०.६१ सेकंदाचे. सरासरी वेग ताशी २४२ किलोमीटरच्या वर. हा विक्रम मोडायला २००३ साल उजाडावे लागले, आणि तोही मॉन्झातच मोडला. गेथिनने जगज्जेतेपदाच्या मालिकेतली दुसरी कुठलीही शर्यत जिंकली नाही. पुढे राहण्याचे सुख त्याच्या वाट्याला आले ते एवढेच, पण नेमके हवे तिथे.

"बघ, शेवटी पुढं असणाराच जिंकला," मी म्हणालो.

"पण मजा कुठं आली, मामा? आधीच्या चोपन्न फेऱ्यांत!"

मग मी जिम क्लार्क काढला. हा स्कॉटलंडचा शेतकरी. पुढे निघून जावे आणि मागच्यांना दिसेनासे व्हावे, ही त्याची तऱ्हा. पाठलागाची त्याला हौस नव्हती, जरुरीही नव्हती. पण त्याची सर्वांत थोर म्हणून गणली जाणारी एक शर्यत पाठलागाची आहे, आणि तीही त्याने जिंकलेली नाही. १९६७ साली मॉन्झात पुढे असताना त्याचा टायर फुटला. चाक बदलून परत येईतो तो एका फेरीहून अधिक मागे पडला होता. त्या वेगाच्या मैदानात गेलेली फेरी भरून काढणे म्हणजे चुकलेली डेक्कन क्वीन सायकलवरून कर्जतला गाठण्यासारखे. त्याने ती भरून काढली. एकेकाला गाठत तो पुन्हा पहिला झाला. शेवटच्या फेरीत इंजिनाला पेट्रोल पोचेना. सर्टीझ आणि ब्रॅबम पुढे निघून गेले, आणि सर्टीझ दोन दशांश सेकंदाने जिंकला. क्लार्क तिसरा आला. तरी लोकांच्या लक्षात राहिला तो तिसरा आलेला.

हे सगळे सांगताना आम्ही ज्या वळणापाशी उभे होतो, तिथे बोलणे आपोआप थांबले. १९६१ साली या वळणाच्या अलीकडे, दुसऱ्याच फेरीत, याच क्लार्कच्या आणि फॉन ट्रिप्सच्या गाडीची चाके एकमेकांना लागली. फॉन ट्रिप्स त्या वर्षीच्या जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. त्याची गाडी बांध चढून प्रेक्षकांत गेली. तो गेला, आणि कुंपणाशी उभे असलेले पंधरा जण गेले. १९६९मध्ये आठ शतांश सेकंदाने हरलेला रिंट १९७०मध्ये सरावाच्या वेळी याच वळणावर ठार झाला. सरळ रस्त्यावर वेग कमी पडू नये, म्हणून त्याने गाडीचे पंख काढून टाकले होते. पंख असले की गाडी रस्त्याला चिकटून राहते, पण वेग थोडा मरतो. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. त्या अपघाताची तारीखही ५ सप्टेंबरच. वर्षाने त्याच तारखेला पाच जण झुबक्याने त्याच वळणातून गेले. पीटरसनलाही पुढे १९७८मध्ये मॉन्झाच्याच अपघाताने नेले.

१९७२ साली सरळ रस्त्यांवर नागमोडी अडसर घातले गेले, वेग तुटावा म्हणून. झुबके मोडले. आजच्या गाड्यांना पंख मोठे असतात, आणि पुढच्या गाडीने घुसळलेल्या हवेत मागच्या गाडीच्या पंखांना वळणावर नीट पकड मिळत नाही. सरळ रस्त्यावर जी हवा मदत करते, तीच वळणावर पाय ओढते. तरी मॉन्झात सरळ रस्ता अजून इतका आहे, की २०१९ साली एक गमतीचा प्रकार घडला. शर्यतीत कोणी कितव्या जागी उभे राहायचे, हे ठरवण्यासाठी आदल्या दिवशी वेगाच्या फेऱ्या होतात. शेवटच्या फेरीला जाताना वारा अडवायला पुढे कोणी असावे, म्हणून जो तो दुसऱ्याला म्हणू लागला, आधी तुम्ही! जगातले सर्वांत वेगवान लोक लग्नाच्या पंगतीत पाट अडवलेल्या पाहुण्यांसारखे रेंगाळले, आणि बहुतेकांची वेळच निघून गेली.

आता आमची गोष्ट. ठराविक दिवशी पैसे भरून आपली स्वतःची गाडी या रस्त्यावर नेता येते. शर्यत नसते, नुसत्या फेऱ्या. भाच्याने पैसे भरले होते. माझ्या डोक्यावर हेल्मेट चढले आणि मला मारुतिस्तोत्र आठवू लागले.

आमच्यापुढे एक निळी गाडी होती. भाच्याचे डोळे चकाकले. वळणामागून वळण तो तिच्या मागे लागला, आणि खरे सांगतो, मलाही चेव चढला. "जाऊ दे, जवळ जाऊ दे!" असे मी ओरडलो. ती पुढे होती म्हणून आम्हाला काम होते, निशाण होते. इतकी मौज मला बऱ्याच वर्षांत आली नव्हती. मुख्य सरळ रस्त्याला लागलो. निळीचे मागचे लाल दिवे लागले की ब्रेक दाबायचा, हा भाच्याचा बेत. ते दिवे लागले खरे, पण निळीचे ब्रेक निळीचे होते आणि आमचे फियाटचे. चाके थांबली, गाडी थांबेना. वळण उजवीकडे राहिले आणि आम्ही सरळ, चुकणाऱ्यांसाठी राखलेल्या वाटेने, जळक्या रबराचा वास घेत पुढे गेलो. कुणाला काही लागले नाही. एका माणसाने झेंडा हलवला. भाच्याचे हात चाकावर घट्ट होते, आणि ते थरथरत होते.

पुढची फेरी त्याने एकट्याने मारली. म्हणजे मी शेजारी होतोच, पण पुढे कोणी नव्हते. निळी केव्हाच दूर गेली होती. त्याच सरळ रस्त्याला कडेच्या पाट्या दिसल्या. वळण किती मीटरवर आले, ते सांगणाऱ्या.

"मामा, या पाट्या मगाशी होत्या?"

"होत्या की."

"मला दिसल्याच नाहीत."

मलाही दिसल्या नव्हत्या. त्याने पाटी बघून ब्रेक दाबला, गाडी शहाण्या मुलीसारखी वळली. आरशात एक पांढरी गाडी आली. त्याने तिला वाट दिली आणि तिच्या मागे लागला नाही. निदान अर्धी फेरी. मग त्याचा पाय पुन्हा जड होऊ लागला, आणि मी त्याला अडवले नाही.

फेऱ्या संपल्यावर आम्ही उपवनाच्या दाराशी कॉफी प्यालो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, आईला सांगू नकोस."

मी शब्द दिला होता. पण संपादकांचे पत्र आले आणि लेखाला विषय सुचेना. ताई दिवाळी अंक हातात आला की आधी वार्षिक राशिभविष्य वाचते, मग पाककृती, मग गोष्टी. प्रवासाच्या लेखापर्यंत पोचायला तिला भाऊबीज उजाडते. भाऊबीजेला मी तिच्याकडेच जेवायला आहे.