नागराज भेटला, तोही गोरखनाथांसकट!

नायक पहिल्याच अंकात देवीची सोन्याची मूर्ती चोरायला निघतो! होय, नायकच! राज कॉमिक्सच्या नागराजचा १९८६ सालचा पहिला अंक परभणीत रद्दीच्या दुकानात हाती लागला आणि तिथंच उभ्या उभ्या वाचून काढला. नाव कितीतरी वर्षं ऐकून होतो, वाचला कधीच नव्हता. अंक हिंदीत आहे, पण मराठवाड्याच्या माणसाला हिंदीचं काय अप्रूप!

आणि कल्पना तरी काय भन्नाट! प्रोफेसर नागमणी एक जितंजागतं हत्यार तयार करतो. रक्तात पांढऱ्या पेशींच्या जागी सूक्ष्म साप, फुंकरीत विष, चाव्यात मरण. हे हत्यार दहशतवाद्यांना भाड्यानं द्यायचं, आणि गिऱ्हाइकांना दाखवायचा पहिला नमुना म्हणजे ही चोरी. डोक्यात कॅप्सूल बसवलेली, त्यामुळे नागराजला स्वतःची इच्छा म्हणून काही नाहीच. गोष्ट परशुराम शर्मांची आणि चित्रं प्रताप मुळीकांची. पुण्याचे मुळीक, अमर चित्र कथेतला ‘शिवाजी’ काढणारे! म्हणूनच हा हिरव्या अंगाचा माणूस पुराणातल्या राजपुत्राच्या ऐटीत उभा राहतो. खांदे, मान, नजर, सगळं आपल्या ओळखीचं. अमेरिकेतला कुणी नायक उचलून हिरवा रंगवलाय, असं एकदाही वाटलं नाही.

मग येतात गोरखनाथ, आणि मी अक्षरशः उडालोच! आमच्या घरी श्रावणात नवनाथ भक्तिसाराची पोथी लागते. उकिरड्याच्या राखेतून बारा वर्षांनी बाहेर आलेला गोरख, स्त्रीराज्यात गुंतलेल्या मच्छिंद्रनाथांना मृदंगाच्या बोलांनी भानावर आणणारा गोरख, हे सगळं लहानपणापासून कानावर पडलेलं. इथं त्यांच्यासोबत शिकांगी नावाचं काळं मुंगूस आहे! ते नागराजला हरवतात, त्याचं मन वाचतात, कॅप्सूल काढून टाकतात. अंगावर काटा आला. दुसऱ्याच्या कह्यात गेलेलं मन सोडवून आणणं हे पोथीतही गोरखाचंच काम! शर्मांनी हे ठरवून केलं की आपसूक जमलं, काही का असेना, जमलंय मात्र फक्कड.

पण इथंच मन खट्टूही होतं. अख्ख्या अंकात नागराजनं स्वतःहून काय केलं? आधी नागमणीचं ऐकलं, मग गोरखनाथांचा शिष्य झाला आणि जगातला दहशतवाद संपवायची प्रतिज्ञा घेतली. त्या दोहोंच्या मधला माणूस मला हवा होता. शुद्धीवर आल्यावर आपल्या हातून काय झालं ते आठवणारा, तळमळणारा. त्यासाठी दोन पानं जास्तीची खर्च करायला हवी होती. पहिला अंक खरा गोरखनाथांचाच झालाय, आणि ज्याचं नाव मुखपृष्ठावर आहे तो त्यांच्या सावलीत उभा आहे.

आणखी एक सल. साप म्हणजे इथं निव्वळ विष आणि ताकद. आमच्याकडं नागपंचमीला शेतात नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत. नवनाथांमध्येच वटसिद्ध नागनाथ आहेत. औंढा नागनाथाचं ज्योतिर्लिंग तर हा अंक निघाला तेव्हा आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं, हिंगोली जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. सापाला हात जोडणाऱ्या मुलखात मी हे वाचतोय, आणि सापांनी भरलेल्या देहाकडं बघून कुणाचाही हात जोडला जात नाही, सगळे घाबरतात नाहीतर विकत घ्यायला बघतात. देवळातली चोरी रंगवताना हा धागा सहज हाती येण्यासारखा होता!

तरीही मी या अंकावर लट्टू झालोय, हे छातीठोक सांगतो. हुकमाचा ताबेदार म्हणून जन्मलेला नायक, ही सुरुवातच इतकी जबर आहे की पुढचं वाचल्याशिवाय राहवणार नाही. पुढच्या अंकांसाठी परभणीतली रद्दीची दुकानं पालथी घालतोय, पूर्णा-गंगाखेडच्या मित्रांनाही माळे धुंडाळायला सांगून ठेवलंय. नागराज एकदा तरी कुणाला, अगदी गुरूलाही, स्वतःच्या मनानं ‘नाही’ म्हणतो का, तेवढं मला बघायचंय.