मोजून-मापून दारू

'आई, गॅरेजमध्ये दारू मोजत बसलोय,' असं मी एकदा फोनवर बोलून गेलो आणि तिकडे चिंचवडला भूकंप झाला. दारू म्हणजे बंदुकीची, हे पटवण्यात अर्धा तास गेला.

तर मंडळी, मी ऑस्टिनला कोडिंग करून पोट भरतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर .३०८ ची रायफल घेतली. इथे बरेच शौकीन काडतुसं घरीच भरतात. वापरलेली पितळी केस पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून ओतायची, वर गोळी. तोलायचं ते ०.१ ग्रेनपर्यंत, म्हणजे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम. सोनाराकडे जन्मलो असतो तर बरं झालं असतं!

जानेवारीतला लॉट झकास चालला. ऑगस्टमध्ये पुन्हा २० भरली. तीच दारू, तेच वजन, तीच गोळी. रेंजवर पहिल्यापासून बोल्ट जरा जड लागत होता, मी दुर्लक्ष केलं. सहाव्या शॉटला तो उघडेचना. तळहाताने ठोकून उघडला, तर केसच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा आणि प्रायमर इस्त्री फिरवल्यासारखा सपाट.

'१४ च उरल्यात, संपवून टाकतो,' मी म्हटलं. मला हे सगळं शिकवणारा रिटायर्ड मशीनिस्ट शेजारच्या बेंचवर होता. काही न बोलता त्याने माझा डबा उचलला आणि स्वतःच्या बॅगेत टाकला.

जाम राग आला. च्यायला, मी काय लहान आहे? मग डोक्यात हिशेब सुरू झाला. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १५ पीएसआय जास्त असतो. .३०८ ची कमाल मर्यादा ६२,०००. इथे शिट्टी नाही, आणि बोल्टमागे काही इंचांवर माझं तोंड.

'बदललं काय?' त्याने विचारलं. 'काहीच नाही.' संध्याकाळी गॅरेजमध्ये डीबगिंग. वजनकाटा बरोबर. केसची लांबी २.०१५ इंचांच्या आत. गोळी फार पुढे बसून नळीतल्या आट्यांना टेकत होती का? नाही. डबा मात्र तासभर बंद गाडीत तापला होता, आणि दारू तापली की दाब चढतो. एक चोर सापडला.

दुसरा त्याने केस उलटी करून पकडला. बुडावर मिलिटरीचा शिक्का! जानेवारीतल्या केसेस दुकानातल्या होत्या. या मी स्वस्तात मिळाल्या म्हणून उचललेल्या सेकंडहँड. दोन्हींत पाणी भरून तोललं. जाड भिंतींच्या मिलिटरी केसमध्ये पाणी कमी मावलं. तेवढीच दारू, जागा कमी, दाब जास्त. केस बदलणं म्हणजे बदल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

म्हातारा तेव्हा कुठे बोलला. नुसता सपाट प्रायमर कधी कधी नॉर्मल लोडलाही दिसतो, पण बोल्ट अडकला की समजायचं, मर्यादा आधीच ओलांडलीय. काहीही बदललं तरी मॅन्युअलमधल्या सगळ्यात कमी वजनापासून पुन्हा सुरुवात.

रात्री हातोडीसारख्या पुलरने एकेक गोळी उपसत बसलो होतो. १४ पैकी नववी निघाली आणि आईचा फोन.

'काय करतोयस?'

'दारू ओतून टाकतोय.'

'देव पावला रे बाबा,' आई म्हणाली.