फटफटीवरून घुमानास

वय झाले म्हणजे माणसाने वनाची वाट धरावी असे शास्त्र सांगते; फटफटीचा उल्लेख त्यात कोठेही नाही. तेव्हा बासष्टाव्या वर्षी शंभर सीसीच्या जुन्या दुचाकीवर वळकटी आवळून आम्ही आखाडा बाळापुराहून एकटेच पंजाबास निघालो, हे वाचून कित्येकांस हसू येईल. आमच्या आळीतही ते आलेच होते. पुण्याहून चिरंजीवांनी फोनवर सविस्तर निषेध नोंदविला. घरच्या मंडळींनी मात्र रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी मोजून पिशवीत घातली आणि ‘रोज सायंकाळी फोन करायचा’ एवढी एकच अट घातली.

निघण्याचे कारण तसे जुने होते. छत्तीस वर्षे आम्ही मुलांस शिकवीत आलो की, नामदेव महाराज नर्सीचे. पुढे ते पंजाबात घुमान येथे जाऊन राहिले. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत. नर्सी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, तासा-दीड तासाच्या वाटेवर. एकदा एका मुलाने विचारले, “गुरुजी, तिथं चालत जायला किती दिवस लागत्याल?” आम्हांस उत्तर येत नव्हते; म्हणून आम्ही त्यास ‘खाली बैस’ म्हणालो. शिक्षकांचे हे एक हुकमी उत्तर आहे.

2015 च्या एप्रिलात अठ्ठ्याऐंशीवे साहित्य संमेलन घुमानास भरले, तेव्हाही आम्ही शाळेच्या कामाची सबब सांगून घरीच राहिलो. निवृत्तीनंतर सबबीही संपल्या.

माघ सरता सरता निघालो. पहिल्याच दिवशी अकोल्यापलीकडे दुसरे बाळापूर लागले. आमच्या गावाची पत्रे पूर्वी हटकून तिकडे फिरून येत. ‘आखाडा’ हा शब्द पत्त्यात का हवा, हे तेथील पाटी पाहून पटले. पुढे बऱ्हाणपुरास तापी, मग अशीरगडाची काळी भिंत डाव्या-उजव्या हातास होत होत मागे पडली, मोरटक्क्यास नर्मदा आली. इंदूर, गुणे, शिवपुरी, ग्वाल्हेर असा तो जुना आग्रा रस्ता. मुरैनेपुढे चंबळ ओलांडताना एकदम आठवले की, ही कालिदासाची चर्मण्वती. मेघदूतातील मेघही रेवा, चर्मण्वती, कुरुक्षेत्र याच क्रमाने उत्तरेस जातो. त्यास पंक्चरवाल्याची गरज पडत नाही, एवढाच त्याच्या आमच्या प्रवासात भेद.

आम्हांस ती ब्यावऱ्याच्या अलीकडे पडली. भर दुपार, आजूबाजूस गव्हाची शेते. सव्वा मैल गाडी ढकलली आणि प्रथमच भय वाटले. रस्त्याचे नव्हे, छातीत धडधडू लागले त्याचे. एका झाडाखाली बसलो असता आपण येथे आडवे झालो तर खिशातील चिठ्ठीवरील मराठी अक्षरे कोण वाचील, हा विचार मनात आला. त्याच रात्री धर्मशाळेत बसून ती चिठ्ठी हिंदीत लिहिली. फोनवर मंडळींस यातले काही सांगितले नाही. ही लपवाछपवी आता या लेखाने उघडी पडेल, त्यास इलाज नाही.

एकट्याच्या प्रवासाविषयी लोक मोठ्या गंभीरपणे बोलतात. आमचा अनुभव साधा आहे. ताशी पंचेचाळिसाच्या वेगाने दिवसभर गाडी चालविली की पहिले तीन दिवस मन घरचे हिशेब करते, चौथ्या दिवशी कंबर बोलू लागते, आणि पाचव्या दिवसापासून, कोणी ऐकावयास नसल्यामुळे, जुन्या गोष्टी वर येऊ लागतात. शिरस्त्राणात स्तोत्रे म्हणून पाहिली; स्वतःचाच आवाज कानांत घुमू लागला म्हणून थांबविली. पानिपतास अर्धा दिवस थांबलो. 14 जानेवारी 1761 ही तारीख आम्ही किती मुलांकडून घोकून घेतली असेल! त्या मैदानात तारीख आठवली नाही. थंडी किती असेल तेवढेच मनात आले.

नवव्या दिवशी बियास ओलांडून तिसऱ्या प्रहरी घुमानास पोहोचलो. गुरुद्वारात दर्शन घेतले. ‘नर्सीच्या बाजूचा आहे’ असे सांगताच एका वृद्ध सरदारजींनी आमचा हात धरला तो लंगरात बसवीपर्यंत सोडला नाही. तेथे रीत अशी की, जमिनीवर पंगतीत बसावे आणि पोळी हवी असता दोन्ही हात पुढे करावे. वाढणारा ती वरून हातांत ठेवतो. आमच्या एका बाजूस ट्रकचालक, दुसऱ्या बाजूस मोटारीतून आलेले सधन गृहस्थ. तिघांचीही ओंजळ सारखीच.

आणि ती ओंजळ पाहताच आम्हांस आमच्या वाड्याचा ओटा दिसला. आम्ही पाचवीत असू. वर्गातला एक मित्र, जातीने शिंपी, उन्हातून आमच्याबरोबर घरी आला होता. त्याने पाणी मागितले. आजीने त्यास पायरीखाली उभे करून वरून तांब्याने धार धरली. तो ओंजळीने प्याला. आम्ही शेजारीच उभे राहून चांदीच्या फुलपात्रातून पीत होतो. काही बोललो नाही. आजीस दोष देत नाही. ती तिच्या काळाप्रमाणे वागली. परंतु आम्ही त्यानंतर नामदेवांचे अभंग छत्तीस वर्षे शिकविले, वर्षातून दोनदा नर्सीस गेलो, आणि तो मित्र पुन्हा आमच्या घरी कधी आला नाही याचा विचार केला नाही. पोळी हातात तशीच राहिली. वाढणारा मुलगा थांबून म्हणाला, “बाबाजी, और?”

परतीचा प्रवास लवकर आटोपला. त्यात सांगण्याजोगे विशेष नाही. मीटरावर चार हजार किलोमीटरांस थोडे कमी भरले.

तो मित्र अद्याप गावातच शिवणयंत्र चालवितो. घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानी गेलो. घुमानचा प्रसाद दिला. त्याने तो कपाळी लावून तोंडात टाकला. मग आम्ही ओट्यावरची ती गोष्ट काढली. “मला नाही बुवा आठवत,” तो म्हणाला. परंतु यंत्राचे चाक त्याने तळहाताने थांबविले होते, आणि ते बराच वेळ थांबलेलेच राहिले. “उद्या घरी जेवायला ये,” आम्ही म्हणालो. त्याने सुईत दोरा ओवला, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “मास्तर, लिटरला किती पडलं रे गाडीला?”

“साठ,” आम्ही सांगितले.

“बरं आहे,” तो म्हणाला, “उद्या नको. एकादशी आहे. परवा येतो.”