शिंकेतली अहिंसा

कार्तिकातला काकडा सुरू झाला की आमच्या माहीमला पहाटे गार हवा असते आणि दुपारी मात्र उन्हाची तलखी तशीच असते. या दिवसांत घरोघरी शिंका ऐकू येतात. काकड्याला जमलेल्या मंडळींतले दोन-चार जण नाक ओढतच चाल म्हणतात. पडशासारख्या किरकोळ गोष्टीवर लेख कशाला, असे कुणी म्हणेल. पण ज्याची सारी सेवा गळ्यावर चालली, त्याला पडशाचा विचार आयुष्यभर करावा लागतो. आता वयोमानाने मी कीर्तनाला उभा राहत नाही, ऐकायला बसतो. तरी तो विचार काही सुटलेला नाही, आणि तो नुसत्या घशापुरता नाही.

आधी पडसे म्हणजे काय ते पाहू. आयुर्वेदात याला प्रतिश्याय म्हणतात. चरकाचार्यांनी जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितले, त्यांत शिंकही आहे. आजचे वैद्यकशास्त्र सांगते की पडसे विषाणूंमुळे होते, आणि असे विषाणू एक-दोन नव्हेत, दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. आमच्या माहीमला शीतलादेवीचे जुने मंदिर आहे. शीतला ही देवीच्या रोगाची अधिष्ठात्री. आमच्या लहानपणी दंडावर लस टोचण्यालाच ‘देवी काढणे’ म्हणत. देवीच्या विषाणूवर एक लस पुरली, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो रोग जगातून गेल्याचे जाहीर केले. इतका भयंकर रोग गेला, पण साधे पडसे राहिले. कारण त्याची रूपे इतकी की एकाला ओळखेपर्यंत दुसरे दारात उभे असते. म्हणूनच मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा आणि लहान मुलांना सहा-आठ वेळाही पडसे होते.

भिजल्याने पडसे होते, ही आपली जुनी समजूत. इंग्लंडात सॉल्सबरी या गावी १९४६ पासून चाळीसहून अधिक वर्षे केवळ पडशाचा अभ्यास करणारे एक केंद्र चालले. स्वयंसेवकांना ओल्या अंगाने गार वाऱ्यात उभे करूनही पाहिले, पण तेवढ्याने त्यांना पडसे जास्त होते असे दिसले नाही. नाकातला गारवा त्या विषाणूला मानवतो हे खरे, पण मुळात तो यावा लागतो, आणि तो येतो दुसऱ्या माणसाकडून. शिंकेच्या तुषारांतून येतो, आणि नाक पुसलेल्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर, तिथून त्याच्या नाकाडोळ्यांपर्यंत जातो. वारीत आपण आषाढाच्या पावसात चिंब होतो आणि दोष पावसाला देतो. राहुटीत एकमेकांना चिकटून झोपलो आणि एकाच पेल्याने दहाजण पाणी प्यालो, हे मात्र विसरतो.

आता उपचार. जुने लोक गमतीने म्हणत की पडसे औषध घेतले तर सात दिवसांत बरे होते आणि न घेतले तर आठवड्यात. थट्टा असली तरी खरी आहे. पडसे आपल्या मुदतीने, सात ते दहा दिवसांत जाते. खोकला थोडा अधिक रेंगाळतो. आपण करतो तो उपचार त्याला हाकलण्यासाठी नसून देहाला सुख देण्यासाठी असतो. म्हणूनच उरलेल्या जुन्या गोळ्या शोधून घेऊ नयेत. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूवर चालत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा झाला, तर तेवढ्यावरून ते औषध लागते असेही नाही.

घरात जे आहे ते पुष्कळ आहे. आले, गवती चहा, तुळस, दोन मिरी आणि गूळ घालून काढा करावा. मध घालायचा तर काढा कोमट झाल्यावर घालावा. आयुर्वेदाने गरम मध वर्ज्य सांगितला आहे. रात्री खोकल्याला चमचाभर मध चांगला उतार देतो, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच चाटवू नये. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कराव्यात. तोंडाला चव नसते तेव्हा गरम मऊभात, मेतकूट, कुळथाचे पिठले पोटात जावे. पाणी घोट घोट पीत राहावे आणि झोप पुरी घ्यावी. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहार, विहार आणि निद्रा बेताची असावी असे योग्याला सांगितले. आजाऱ्याने ते आधी ऐकावे.

काही गोष्टी जपून कराव्यात. वाफेने नाक घटकाभर मोकळे वाटते, पण उकळत्या पाण्याचे पातेले मांडीजवळ घेऊन डोक्यावरून चादर ओढली की ते कलंडायला एक धक्का पुरतो, आणि पडशापेक्षा भाजणे फार भारी. लहान मुलांना तर अशी वाफ देऊच नये. त्यापेक्षा औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालावेत. कापूर देवापुढे जाळावा. बाळाच्या नाकाशी किंवा छातीला लावू नये, पोटात गेला तर आकडी येऊ शकते. मुलांना खोकल्याचे किंवा सर्दीचे पातळ औषध आपल्या मनाने पाजू नये. सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्र औषधाबाबत डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनीच चार वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असे बजावले आहे. धाप लागणे, छातीत दुखणे, तीन दिवसांहून अधिक टिकणारा ताप, कानाचा ठणका, बाळाने दूध न ओढणे, यांतले काहीही दिसले तर घरगुती उपचार बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावे.

गाणाऱ्या-बोलणाऱ्यांसाठी आणखी एक. पडशात स्वरतंतूंना सूज येते. त्या सुजेवर जोर देऊन चाल ओढली तर घसा बसतो. मग पुष्कळजण कुजबुजत बोलतात; त्यानेही घशाला ताणच पडतो. उत्तम औषध म्हणजे मौन. त्या तीन-चार दिवसांत हरिपाठ मनातल्या मनात म्हणावा. पांडुरंगाला ऐकायला आपला आवाज लागत नाही. आणि आवाज तीन आठवड्यांनंतरही घोगराच राहिला, तर घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

एवढे झाले देहाचे. आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. आपल्या संप्रदायात लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात, उराउरी भेटतात, एकाच्या बोटाने शंभर कपाळांना बुक्का लागतो. सप्ताहात वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, टाळ हातोहाती फिरतात. हे आपले वैभव आहे. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत, जेव्हा पडसे सर्वांत जास्त पसरते, तेव्हा याच वाटेने ते घरोघरी पोचते. तरण्याताठ्याला त्याचे काही वाटत नाही. दम्याच्या म्हाताऱ्याच्या मात्र ते छातीत उतरते, आणि महिन्या-दोन महिन्यांच्या बाळाचे नाक चोंदले की त्याला दूधच ओढता येत नाही.

आमच्या ओळखीत ऐंशीच्या घरातले एक विणेकरी होते. एका सप्ताहात चौथ्या दिवशी त्यांना पडसे झाले. त्यांनी पहारा दुसऱ्याकडे सोपवला आणि मंदिराबाहेरच्या कट्ट्यावर बसून कीर्तन ऐकू लागले. एक लेकुरवाळी सव्वा महिन्याचे बाळ घेऊन आली. तिला बाळाच्या कपाळी बाबांच्याच हातचा बुक्का हवा होता. बाबांनी लांबूनच हात जोडले आणि म्हणाले, “आज नको, माउली. बाळाला देवाच्या पायाशी घाल, मी इथूनच नमस्कार करतो.” शेजारचा एकजण कुरकुरला, “बुक्क्याने कुणाला बाधा झाली आहे का बाबा?” तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “दोष बुक्क्यात नाही रे, माझ्या बोटात आहे.”

त्या बाईचा चेहरा उतरलेला मी पाहिला. भेट नाकारणे म्हणजे प्रेमात उणे, असे आपल्याला वाटते, आणि ते वाटणे खोटे नाही. म्हणूनच हे कठीण आहे. पण ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना माउलींनी चालणे, पाहणे, बोलणे, हात हलवणे, अशा एकेका व्यवहाराची अहिंसा उलगडून दाखवली आहे. पाय टाकताना जीव दुखावू नये इतकी जपणूक जिथे सांगितली, तिथे शिंकताना तोंडासमोर रुमाल किंवा कोपराची बाजू धरणे त्याच वाटेवरचे नव्हे काय? २०२० साली आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका पायी न जाता एस.टी.ने पंढरीला गेल्या. लाखो वारकरी घरी राहिले. डोळ्यांत पाणी होते, पण दुसऱ्याच्या जिवासाठी त्यांनी वारी आवरली. ज्यांनी एवढे केले, त्यांना चार दिवस भेट आवरणे जड नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. पडसे असेल तर साबणाने हात धुवावेत, आपला पेला वेगळा ठेवावा, बाळापासून आणि वृद्धांपासून दूर बसावे, आणि चार दिवस पायांवर डोके न ठेवता हात जोडून लांबूनच रामकृष्णहरी म्हणावे. समोरच्यानेही त्याचा राग मानू नये. लांबून जोडलेल्या त्या हातांतही भेटच असते.